हौसेचं दुखणं

दुखण्यांमध्येही आपल्याकडे मानपान असतो. ताप आला की घरात सगळे हळू आवाजात बोलतात, कुणीतरी उशाशी बसतं, पेज येते. पाठ धरली तर शेकायची पिशवी, दाढ दुखली तर लवंग. अर्धशिशीला तर आमच्या माहेरी पहिल्या पंगतीचं पान होतं. आईचं डोकं उठलं की रेडिओ बंद, खिडक्या बंद, आणि वडील चपला हातात घेऊन जिना उतरायचे. मी मात्र आमच्या साताऱ्यातला यवतेश्वरचा घाट पळत चढून-उतरून घरी आले, डोकं ठणकतंय म्हणून सांगितलं, तेव्हा नवऱ्याने पेपरमधून मान वर न काढता विचारलं, "सांगितलं होतं कुणी?"

सासूबाईंनी थोडी दया दाखवली. "पोटात अन्नाचा कण नाही आणि पहाटेचं धावायचं. दुखेल नाही तर काय होईल?" पण त्यांनीही पोहे परतता परतताच विचारलं. उशाशी कुणी बसलं नाही.

तक्रार नाही, कारण त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ताप आपल्याला विचारून येत नाही. हे दुखणं मी साडेचारचा गजर लावून, बूट घालून, चार किलोमीटर चढ चढून स्वतः आणलेलं. थांबले असते तर ते आलंच नसतं. ज्याचा उपाय इतका सोपा त्याचं कौतुक कोण करणार? "मग पळू नकोस" हे तीन शब्द माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाकडे तयार असतात, आणि ते ऐकवताना आपण फार मोठं वैद्यकीय मत दिलं असा भाव प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असतो.

साताऱ्यात हे बोलणं तसं धाडसाचंच. २०१२ साली इथे हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि तसंच परत, एकूण एकवीस किलोमीटर. तेव्हापासून गाव पळायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. वकील पळतात, सराफ पळतात, आमच्या कॉलेजातल्या ज्या सरांना स्टाफरूमपासून वर्गापर्यंत जायला रोज उशीर होतो तेही पळतात. पावसाळ्यात पहाटे समर्थ मंदिराच्या चौकातून वर बघितलं तर धुक्यात माणसं दिसत नाहीत, नुसते रंगीत टी-शर्ट वर सरकताना दिसतात. आणि त्या टी-शर्टांवर इंग्रजीत काय काय लिहिलेलं असतं! दुखणं म्हणजे अंगातून बाहेर पडणारा दुबळेपणा, अशा अर्थाचं एक वाक्य फार खपतं. ते पाठीवर घेऊन हिंडणारा एक दणकट गृहस्थ डोकं दोन्ही हातांत धरून घाटाच्या कठड्यावर बसलेला मी पाहिला आहे. दुबळेपणा बाहेर पडायची वाट बघत असावा.

म्हणजे एकीकडे "मग पळू नकोस" म्हणणारं घर आणि दुसरीकडे "सहन कर, पळत राहा" म्हणणारा आमचा पळणाऱ्यांचा चमू. या दोन्हींपैकी कुणालाच ते दुखणं नेमकं कसं आहे हे ऐकायचं नव्हतं.

तर ते असं असतं. चढ चालू असताना काही जाणवत नाही, निदान मला तरी नाही. तेव्हा छाती आणि पोटऱ्या यांचंच ऐकून घेण्यात सगळा वेळ जातो. वरच्या वळणावर थांबावं, पाण्याची बाटली उघडावी, सज्जनगडाच्या बाजूला उजाडताना बघावं, आणि नेमकं तेव्हा दोन्ही कानशिलांत ठोके सुरू होतात. शेजारच्या घरात खलबत्त्यात मसाला कुटायला घ्यावा तसे, आधी लांबून आणि मग भिंतीला हादरे बसतील असे. ठोका नाडीबरोबर पडतो. मनगटावर बोट ठेवलं की डोकं आणि हात एकाच ठेक्यात चाललेले कळतात. बुटाची लेस बांधायला वाकलं की दुप्पट. खोकलं की दुप्पट. घरी येऊन आंघोळ, पोहे, पहिला तास, दुसरा तास, आणि साधारण मधल्या सुट्टीत लक्षात येतं की अरे, थांबलं.

चमूत उपायांना तोटा नव्हता. लिंबू-मीठ-साखर, इलेक्ट्रॉल, कोकम, दोन खजूर, एक केळं, निघताना गूळ-शेंगदाणे. सासूबाईंची सहाणेवर उगाळलेली सुंठ, जिने डोकेदुखी थांबते की कपाळाच्या आगीपुढे डोकेदुखी लक्षात राहत नाही हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. आणि अमृतांजन. ते १८९३ साली मुंबईत काशीनाथुनी नागेश्वर राव या तेलुगू गृहस्थांनी काढलं. पुढे याच गृहस्थांनी मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' हे वर्तमानपत्र सुरू केलं. डोकेदुखीवरचं मलम आणि वर्तमानपत्र हे दोन्ही धंदे एकाच माणसाने करावेत यातली दूरदृष्टी मी नवऱ्याला समजावून सांगितली. तो तेव्हाही पेपरच वाचत होता.

गंमत म्हणजे यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या डोकेदुखीवर बरोबर आहे. घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालं तर डोकं दुखतं, तिथे लिंबू-मीठ चालतं. उपाशीपोटी पळून साखर उतरली तर दुखतं, तिथे केळं चालतं. ज्याला रोज पाचला कपभर कडक चहा लागतो तो साडेचारला उठून चहाशिवाय डोंगर चढायला लागला, तर त्याचं डोकं निव्वळ चहावाचून धरतं. घाट बदनाम होतो आणि चहा नामानिराळा राहतो. घट्ट टोपीने दुखतं, पोहणाऱ्यांचं घट्ट गॉगलने दुखतं. हिमालयात ट्रेक करून आलेली मंडळी लगेच 'हाइट'चं नाव घेतात, पण उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो आणि आपलं कळसूबाईच मुळी १६४६ मीटर. सह्याद्रीत डोकं दुखलं तर उंचीवर ढकलता येत नाही.

आणि "पाणी पी, भरपूर पाणी पी" हा जो सर्वमान्य सल्ला, त्यालाही दुसरी बाजू आहे. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं, तर त्यातल्या तेरा टक्के लोकांच्या रक्तात सोडियम गरजेपेक्षा कमी झालेलं निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन कमी होण्याऐवजी वाढलं, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं, त्यांच्यात हे अधिक. त्याचीही सुरुवात डोकेदुखीने आणि मळमळीने होऊ शकते. अशा माणसाला आपण काय देणार? आणखी एक बाटली पाणी.

माझ्या बाबतीत यातलं काहीच लागू पडेना. पाणी प्यायले, नाही प्यायले, केळं खाल्लं, चहा घेऊन निघाले, टोपी घातलीच नाही, तरी वरच्या वळणावर ठोके ते ठोके. शेवटी गावातल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले. जाताना मनाशी ठरवलेलं होतं की हेही "मग पळू नका" म्हणाले तर फी देऊन उठायचं.

ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारायला सुरुवात केली. पहिल्यांदा आलं तेव्हा एका क्षणात आलं का, की चढत गेलं? आयुष्यात इतकं कधी दुखलं नव्हतं असं वाटलं का? मान आखडली होती? उलटी झाली? एकाचे दोन दिसले? शुद्ध हरपली? जिना चढताना दुखतं का, आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत लगेच जातं का? हा शेवटचा प्रश्न मला निरर्थक वाटला, म्हणून मी विचारलं. तर म्हणाले, क्वचित हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हा छातीऐवजी डोकंच दुखतं, आणि ते श्रमाबरोबर येतं नि विश्रांतीबरोबर जातं. पन्नाशीजवळच्या माणसाला तेही विचारावं लागतं. घरात अडीच महिने कुणी न विचारलेलं सगळं या माणसाने दहा मिनिटांत विचारलं, आणि खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. त्याचा मात्र त्यांनी गैरसमज करून घेतला आणि पुन्हा विचारलं, "आत्ता दुखतंय?"

या दुखण्याला वैद्यकात स्वतंत्र खातं आहे. १९३२ साली ज्यूल तिनेल या फ्रेंच डॉक्टरांनी श्रमाच्या डोकेदुखीवर लिहिलं. मनगटावर टिचकी मारून मज्जातंतू चिमटलाय का हे बघतात, त्या खुणेलाही यांचंच नाव आहे. डोक्यातल्या शिरा ताणल्या जाऊन हे दुखतं असा त्यांचा कयास होता. मेंदू स्वतः दुखत नाही, त्याला ती सोयच नाही. दुखतात ती त्याच्यावरची आवरणं आणि रक्तवाहिन्या. जोर लावताना रक्ताचा दाब चढतो, छाती-पोट आवळल्यामुळे डोक्यातून खाली येणारं रक्त तुंबतं. काहींच्या मानेतल्या मोठ्या शिरांच्या झडपा पुरत्या मिटत नाहीत, त्यांच्यात हे जास्त होत असावं असंही एक मत आहे. पण नक्की कारण हेच, असं छातीठोक अजून कुणी म्हणत नाही.

आजच्या व्याख्येप्रमाणे दुखणं फक्त जोरकस व्यायामात किंवा त्यानंतर यावं लागतं, अठ्ठेचाळीस तासांच्या आत जावं लागतं, आणि निदान दोनदा झालेलं असावं लागतं. या 'निदान दोनदा'वर डॉक्टरांनी बोट ठेवलं. पहिल्या वेळी येणाऱ्या दुखण्याला हे नाव देताच येत नाही. पहिल्या वेळी ते काहीही असू शकतं: फुटलेली रक्तवाहिनी, मानेतल्या धमनीच्या अस्तराला गेलेली चीर, आणखी काही. १९६८ साली अमेरिकेतल्या रूक नावाच्या डॉक्टरांनी श्रमाने डोकं दुखणाऱ्या १०३ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. सुरुवातीला कुणाच्याच डोक्यात काही दोष दिसलेला नव्हता, तरी पुढे दहा जणांच्या डोक्यात खरोखरच काहीतरी निघालं. त्यावेळी एमआरआय नव्हता. आता आहे, म्हणून करायचा.

केला. त्या नळकांड्यात पडल्या पडल्या जो खडखडाट ऐकावा लागतो तोच डोकं दुखवायला पुरेसा आहे, पण ते असो. रिपोर्ट स्वच्छ आला. संध्याकाळी नवऱ्याने तो चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, इंग्रजी शब्द पुटपुटत शेवटपर्यंत वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग पाकिटात घालून कपाटात घराच्या खरेदीखताशेजारी ठेवला. सकाळचा पेपर तसाच घडी न उलगडता टेबलावर पडला होता, हे मला झोपताना दिसलं.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, इंडोमेथासिन. व्यायामाआधी घ्यायची, पण पोटात काही असल्याशिवाय नाही, आणि आम्लपित्ताचा किंवा किडनीचा इतिहास असेल तर विचारल्याशिवाय तर नाहीच. काहींना दाबावरची प्रोप्रॅनोलॉल देतात. पण त्याआधी हळूहळू अंग तापवून बघा म्हणाले, आणि बऱ्याच जणांचं हे काही महिन्यांत आपोआप जातं असंही म्हणाले. गोळीपेक्षा हे शेवटचं वाक्य घेऊन मी घरी आले.

खरा उलगडा मात्र घाटातच झाला. पहिल्या वळणाच्या अलीकडे कठड्यावर एक आबा बसलेले असतात. तरुणपणी तालमीतले, आता गुडघे गेलेले, पण कान चुरगळलेले तसेच. एवढ्यावरून पैलवान ओळखू येतो. मी दोन वेळा डोकं धरून त्यांच्यापुढून खाली आलेली त्यांनी पाहिली होती. तिसऱ्या वेळी म्हणाले, "बाई, तुमी चढाला दात आवळून बसता. बगतोय की मी. वळान आलं की त्वांड बंद. दम कोंडला की त्यो वरच जानार, दुसरीकडं कुटं जाईल?"

मग त्यांनी सांगितलं की त्यांचे वस्ताद नव्या पोराला बैठका मोठ्याने मोजायला लावायचे. मनात नाही, खणखणीत. सुरुवातीला त्यांना वाटायचं, पोरं चुकवाचुकवी करतात म्हणून हा पहारा. "मागनं कळलं. बोलणाऱ्याला दम कोंडता येत न्हाई."

घरी येऊन मी वाचायला बसले. १९८५ साली कॅनडात पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत सुई घालून ते वजन उचलत असताना रक्तदाब मोजला गेला होता. दोन्ही पायांनी वजन ढकलताना वरचा आकडा सरासरी ३२० पर्यंत गेला, एकाचा ४८०च्या पुढे. आपल्याकडे १६० झाला की नातेवाइकांना फोन जातात. एवढा दाब चढण्यात श्वास कोंडून जोर लावण्याचा वाटा मोठा. या कोंडण्याला वैद्यकात व्हाल्साल्व्हा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे. त्याने ते १७०४ साली कानाच्या अभ्यासात सांगितलं होतं, व्यायामाशी त्याचा संबंध नव्हता. आबांना व्हाल्साल्व्हा ठाऊक नाही आणि त्याची गरजही नाही. त्यांच्या वस्तादांनी ते पोरांच्या तोंडून वदवून घेतलं.

श्वासाचा हा धडा शाळेतही होता. आमच्याच जिल्ह्यातल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचं एवढं व्रत घेतलं की संस्थानातल्या शाळांत ते घालायला लावले आणि त्यावर पुस्तकंही लिहिली. लहानपणी शाळेत आम्ही नमस्कार घालायचो तेव्हा प्रत्येक स्थितीला श्वास घ्या, सोडा असं पीटीचे सर ओरडायचे, आणि आम्ही त्याकडे साफ दुर्लक्ष करून कोण आधी बारा पुरे करतं याची शर्यत लावायचो. आता जिममध्ये उलटं आहे. तिथला मुलगा "होल्ड, होल्ड, होल्ड!" म्हणून ओरडतो आणि सगळे निमूटपणे होल्ड करतात. वर संगीत असं की शेजारच्याचा श्वास चाललाय की थांबलाय हे कळू नये. पायांनी वजन ढकलायच्या त्या मशीनवर डोकं धरलेली माणसं मी नंतर लक्ष ठेवून पाहिली, आणि ती निघाली.

मी मोजायला लागले. राजवाड्यापासून समर्थ मंदिरापर्यंत पळायचं नाही, नुसतं चालायचं, मग हळू, मग जरा जोरात. चढ सुरू झाला की पावलं मोठ्याने मोजायची. पहिले काही दिवस लाज वाटली. साठ-सत्तरपर्यंत आवाज खणखणीत असतो, मग आकडे विरायला लागतात, आणि विरले की समजायचं की वेग जास्त झाला. घड्याळापेक्षा हे मोजमाप मला पटलं, कारण त्यात फुशारकीला जागा नाही. वर पोचल्यावर एकदम थांबायचं नाही, वळसा घालून चालत राहायचं, पाणी नंतर. दुखणं कमी झालं, साफ गेलं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात येतं, मेमध्ये ढग दाटून घुसमट झाली की येतं, आणि कुणी पंचविशीतली मुलगी "एक्स्क्यूज मी काकू" म्हणत मागून पुढे निघून गेली की हमखास येतं. गोळी पर्समध्ये आहे. दोनदा घेतली, तेव्हा काम केलं.

कधीकधी मात्र आईची आठवण होते. स्वीडनमध्ये २०११ साली अर्धशिशीच्या ९१ रुग्णांवर एक प्रयोग झाला. काहींना आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं व्यायाम, काहींना शिथिलीकरण, काहींना टोपिरामेट ही गोळी. तिन्ही गटांत डोकं उठणं जवळपास सारखंच कमी झालं. जो व्यायाम माझं डोकं उठवतो तोच आईचं डोकं शांत करू शकला असता. पण तिला त्या काळी पळ म्हणून कोण सांगणार होतं? नऊवारीत चौकातून धावणारी बाई म्हणजे घरात काहीतरी विपरीत घडलंय असंच गावाने समजलं असतं. तिला अंधारी खोली मिळाली, सहानुभूती भरपूर मिळाली. मला सहानुभूती मिळाली नाही आणि घाट मिळाला. यातलं काय निवडशील असं कुणी विचारलं, तर मला विचार करावा लागणार नाही.

गेल्या महिन्यात चमूत बँकेतला एक तरुण नवा आला. दुसऱ्याच रविवारी वरच्या वळणावर कपाळ दाबत माझ्याजवळ आला, कारण आता या विषयात माझं नाव झालं आहे. मी त्याला विचारायला लागले. पहिल्यांदाच दुखतंय का? एकदम आलं की चढत गेलं? मान? उलटी? तो थोडा वेळ उत्तरं देत राहिला, मग कंटाळला.

"मॅडम, तुम्ही ती कुठलीशी गोळी घेता ना, तेवढं नाव सांगा की."

मी गोळीचं नाव सांगितलं नाही, डॉक्टरांचा नंबर दिला, आणि पहिल्यांदाच दुखत असेल तर आजच फोन कर, उद्यावर टाकू नकोस, असं बजावलं. त्याने तो घेतला, थँक्यू म्हणाला, आणि तोवर मागून आलेल्या सराफांकडे वळला. त्यांच्याकडे इलेक्ट्रॉल होतं.